गाडी कोठे उभी राहावी

भाड्याची गाडी फोनवरून बोलावणाऱ्या शहरी मनुष्याचा प्रवास गाडीत बसल्यावर सुरू होतो असा जो सार्वत्रिक समज आहे तो, या धंद्याच्या आतल्या बाजूस काही वर्षे काढलेल्या माझ्यासारख्याच्या मते, निखालस चुकीचा आहे. कारण प्रवासातील सर्वांत बिकट टप्पा गाडी जवळ येण्याच्या आणि गाडीत पाय ठेवण्याच्या दरम्यान असतो, आणि तो बहुधा बोलून पार पाडावा लागतो. "कुठे आहात?" "इथेच, गेटपाशी." "कोणत्या गेटपाशी?" "अहो, मेडिकलच्या समोर." "मेडिकल तर दिसत नाही. तुम्ही पुलाच्या अलीकडे का पलीकडे?" हा संवाद पुण्यासारख्या शहरात दिवसाउजेडी आणि अपरात्री अखंड चाललेला असतो, तो होऊच नये, निदान दोन वाक्यांत आटपावा, अशी तजवीज करणे हे माझे पोटापाण्याचे काम होते. हुद्द्याचे नाव भारदस्त होते, पण गावाकडच्या मंडळींनी विचारले म्हणजे मी "गाडी कुठे उभी करायची ते सांगतो" एवढेच सांगत असे, आणि त्यावर माझ्या चुलत्यांनी एकदा "त्याचा पगार देतात व्हय?" असा जो प्रश्न केला त्यात उपहास नसून निर्भेळ आश्चर्य होते.

फोनला आपले ठिकाण ठाऊक असते, ते गाडीवाल्यास कळविले की काम भागले, असे कोणाही सुज्ञास प्रथम वाटते, आणि आमच्या कचेरीत नव्याने दाखल होणाऱ्या प्रत्येक तरुण अभियंत्यासही ते तसेच वाटे. पृथ्वीपासून सुमारे 20,000 किलोमीटर उंचीवरून फिरणाऱ्या उपग्रहांचे संदेश फोनपर्यंत पोहोचण्यास जो वेळ लागतो त्यावरून अंतर काढावयाचे आणि अनेक अंतरांवरून स्थान, अशी ही विद्या आहे. अमेरिकी सरकारने नागरी वापराच्या संदेशांत पूर्वी हेतुपुरस्सर चूक मिसळून ठेविली होती. ती मे 2000 मध्ये काढून टाकण्यात आली, आणि आता उघड्या आकाशाखाली साधा फोनही पाचेक मीटरांच्या आत आपली जागा सांगतो. परंतु ज्याला गाडी हवी असते तो क्वचितच उघड्या आकाशाखाली असतो. तो तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीत बुटाच्या नाड्या बांधीत असतो, किंवा काचेने मढविलेल्या दोन इमारतींच्या बोळात असतो, जेथे उपग्रहाचा संदेश समोरच्या भिंतीवर आपटून वळसा घेऊन येतो, अंतर आहे त्याहून अधिक भरते, आणि नकाशावरचा निळा ठिपका मागच्या गल्लीत जाऊन बसतो. उंचीच्या बाबतीत तर हे गणित अधिकच डळमळीत आहे, त्यामुळे नळ स्टॉपसारख्या ठिकाणी, जेथे रस्त्यावर उड्डाणपूल आणि उड्डाणपुलावर मेट्रो अशी चळत उभी आहे, तेथे मनुष्य किंवा गाडी कोणत्या मजल्यावर आहे याबद्दल ठिपका काहीच खात्रीने सांगू शकत नाही.

आणि समजा, ठिपका बिनचूक असला. तरी मनुष्य कोठे आहे हे त्यावरून कळेल, तो गाडीत कोठे बसेल हे कळणार नाही. हे दोन प्रश्न स्वतंत्र आहेत. गाडीत बसण्याची जागा ही कोणा एकाच्या मालकीची नसून दोन परक्या माणसांनी क्षणभरापुरता केलेला करार असते, आणि करारास दोन्ही पक्षांची संमती लागते, ही गोष्ट आमच्या खात्यात पुष्कळ खर्च आणि चर्चा झाल्यानंतर मान्य झाली. मला ती निराळ्या वाटेने आधीच परिचित होती, कारण मी जवळा बाजारचा.

जवळा बाजार हे औंढा नागनाथ तालुक्यातले बाजारपेठेचे गाव. 1 मे 1999 रोजी हिंगोली जिल्हा वेगळा झाला तोवर आम्ही परभणी जिल्ह्यात मोडत होतो, आणि जुन्या माणसांच्या बोलण्यात आजही आमचा जिल्हा परभणीच असतो. गावाच्या नावातच बाजार आहे, बाजार समिती आहे, कापूस, सोयाबीन, तूर, हळद असा माल आहे, आणि त्यापायी भोवतालच्या खेड्यांचा अष्टौप्रहर राबता आहे. आमच्या मुलुखात मोटारीच्या सार्वजनिक वाहतुकीस निजामाच्या अंमलात, 1932 साली, रेल्वेच्याच खात्याखाली प्रारंभ झाला. पुढे राज्ये बदलली आणि एस.टी.ची लाल गाडी आली. सरकारी गाडीचा थांबा हा ज्या जागी फलक ठोकला आहे तेथे असतो, मग तेथे चिखल असो, ऊन असो की म्हशी बसलेल्या असोत; प्रवाशाने थांब्याकडे जावे, थांबा प्रवाशाकडे येत नाही. काळी-पिवळी जीपचे शास्त्र याच्या नेमके उलट. तिला फलक नव्हता, वेळापत्रक नव्हते, परवान्यात लिहिलेल्या आसनसंख्येशी तर तिचा संबंध केवळ सौजन्यापुरता होता. पण ती कोठे भरते हे साऱ्या पंचक्रोशीस ठाऊक असे.

ती एकाच जागी भरत नसे, हे लक्षात घेण्यासारखे आहे. सकाळी खेड्यांतून पायी येणारी मंडळी ज्या तोंडाने गावात शिरत त्या तोंडाशी औंढ्याची जीप उभी राही. दुपारी ऊन चढले म्हणजे तीच जीप रस्ता ओलांडून लिंबाच्या सावलीस जाई, कारण उन्हात तापलेल्या पत्र्यात बसून गाडी भरण्याची वाट पाहणारा प्रवासी दोन-चार मिनिटांत उतरून एस.टी.कडे निघून जातो, हे चालकास अनुभवाने कळलेले असे. आठवडी बाजाराच्या दिवशी गर्दीत शिरणे म्हणजे अडकून पडणे, म्हणून ती गर्दीच्या पार पलीकडे उभी राही आणि क्लीनर पोरगा "औंढा, औंढा, हिंगोली!" असे ओरडत बाजारातून माणसे हाकारून आणी, आडतीवर माल घालून मोकळ्या झालेल्या शेतकऱ्यांसाठी सायंकाळी एखादी फेरी समितीच्या फाटकाशी होई, श्रावणी सोमवारी आणि महाशिवरात्रीस नागनाथाच्या दर्शनाला जाणाऱ्यांचा लोंढा लागला म्हणजे साराच व्यवहार औंढ्याच्या दिशेने सरके. "एकच सीट राहिली" हे वाक्य गाडी पूर्ण रिकामी असतानाही उच्चारले जाई आणि त्याने कोणी फसत नसे. प्रवासी रुमाल टाकून जागा धरी आणि निर्धास्तपणे चहाला जाई, कारण गाडी भरल्याशिवाय हलत नाही हे दोघांनाही ठाऊक. गुडघ्याने अधू असलेल्या एका म्हातारीसाठी मात्र भरलेली जीप तिच्या ओट्यापर्यंत मागे घेतली जाताना मी पाहिली आहे, आणि आत कोंबलेल्या माणसांपैकी कोणी चकार शब्द काढला नव्हता. वेळ, ऊन, वार, तिथी, दिशा, प्रवाशाचे वय आणि पोलीस ठाण्याचा त्या आठवड्यातला मूड, एवढी सामग्री तो चालक एका नजरेत जुळवीत असे. पुढे पुण्यातल्या कचेरीत याच सामग्रीची एकेक बाब स्वतंत्र स्तंभ म्हणून नोंदविण्याचे आम्ही ठरविले तेव्हा मला काही नवीन शिकतो आहोत असे फारसे वाटले नाही.

यंत्रास हे शिकवावयाचे म्हणजे प्रथम त्याला खरी जागा दाखवावी लागते. प्रत्येक फेरीच्या दप्तरात चार जागा नोंदलेल्या असतात: प्रवाशाने नकाशावर टाचणी रोवली ती, त्या क्षणी त्याचा फोन होता ती, चालकाने "पोहोचलो" असे बटण दाबले ती, आणि प्रवाशाने सांगितलेला ओटीपी चालकाने आपल्या फोनात भरला ती. यांपैकी पहिली इच्छा असते आणि दुसरी बहुधा घर. तिसरीवर विसंबू नये, कारण थांबल्या वेळेचे मीटर त्या बटणापासून चालू होते आणि चालक ते कोपऱ्यावरूनच दाबून मोकळा होतो. चौथी तेवढी भरवशाची, कारण ओटीपी सांगावयास मनुष्य गाडीत बसलेला, निदान दाराशी वाकलेला असावा लागतो. म्हणून आम्ही पहिल्या तीन जागांस साक्षीदार मानिले आणि चौथीस पुरावा. अशा हजारो पुराव्यांचे ठिपके एका नकाशावर टाकिले म्हणजे अंगणात सांडलेली ज्वारी जशी सखल जागी गोळा होते तसे ते ठरावीक जागी दाटलेले दिसतात, आणि त्या दाटणीस शोधून काढणे हे गणिताचे काम. भोळेपणाने सर्व ठिपक्यांची सरासरी काढली तर फजिती होते: निम्मे लोक रस्त्याच्या या बाजूस आणि निम्मे त्या बाजूस चढत असतील तर सरासरी दुभाजकावर पडते, सोसायटीला दोन फाटके असतील तर ती पोहण्याच्या तलावात पडते. म्हणून दाटीवरून समूह ओळखण्याची रीत वापरतात. म्युनिकच्या चार संशोधकांनी ती 1996 साली प्रसिद्ध केली आणि आज ती अशा कामात सर्वत्र रूढ आहे. शहराचे षट्कोनी तुकडे पाडून हिशेब ठेवण्याची पद्धतही आहे. उबरने आपली तशी पद्धत 2018 मध्ये सर्वांसाठी खुली केली. षट्कोनाचा गुण असा की त्याच्या सहाही शेजाऱ्यांचे मध्यबिंदू सारख्याच अंतरावर असतात. दोष असा की रस्त्याच्या दोन बाजू एकाच षट्कोनात सुखाने नांदतात, आणि गाडीवाल्यास मात्र त्या बाजूवरून या बाजूस येण्यास पुढच्या चौकातून वळसा घालावा लागतो.

एका मोठ्या गृहसंकुलाचे उदाहरण माझ्या विशेष स्मरणात आहे. तेथील ठिपके दिवसभर मुख्य फाटकाशी दाटलेले असत, पण रात्री अकराच्या सुमारास ते एकदम बाजूच्या अरुंद गल्लीत उतरत आणि पहाटे पुन्हा जागेवर येत. नकाशा पाहून कोणी म्हणे उपग्रहाची गडबड आहे, कोणी म्हणे माहितीत खोट आहे. मी एका रात्री तेथे जाऊन उभा राहिलो. उलगडा पाच मिनिटांत झाला. अकराला रखवालदार मुख्य फाटक लावून घेत आणि बाजूचे छोटे दार तेवढे उघडे ठेवीत. बाहेरगावी निघालेली कुटुंबे बॅगा ओढीत त्याच दाराने बाहेर पडत. कोणत्याही नकाशावर ती वेळ लिहिलेली नव्हती आणि ती लिहिण्याचे कोणाच्या मनातही आले नसते. ती ठिपक्यांनी परस्पर कळविली. यंत्राबद्दल मला आदर वाटावा असे जे थोडे प्रसंग आले त्यांत हा एक.

याउलट जेथे माणसांच्या तोंडची जागा आणि जमिनीवरची जागा यांची फारकत झाली आहे तेथे यंत्राची फार ओढाताण होते. पुण्याची जुनी माणसे सोन्या मारुती, जिलब्या मारुती, भिकारदास मारुती अशा खुणांनी शहर ओळखतात आणि त्या खुणा निदान जागच्या हलत नाहीत. शिवाजीनगरचे एस.टी. स्थानक मात्र मेट्रोच्या बांधकामासाठी 2019 च्या अखेरीस वाकडेवाडीस हलविण्यात आले, आणि मराठवाड्याच्या गाड्यांचे ठिकाण तेच असल्याने आमच्या भागातला प्रत्येक विद्यार्थी व प्रत्येक म्हातारा बाप पहाटेच्या अंधारात तेथे उतरतो. त्याच्या तिकिटावर, त्याच्या तोंडी आणि त्याच्या पुण्यातल्या मुलाच्या मनात ते शिवाजीनगरच असते. मुलगा घरबसल्या बापासाठी गाडी बोलावतो ती शिवाजीनगर स्थानकावर, गाडी जाते जुन्या जागेच्या पत्र्यांपाशी, आणि बाप हातात शेंगदाण्यांची पिशवी घेऊन वाकडेवाडीस "मी स्टँडवरच हाय" असे फोनवर खरे तेच सांगत असतो. येथे तिघांपैकी कोणीही चुकलेले नाही. गाडी दुसऱ्यासाठी बोलावली आहे हे ओळखता आले, तर बोलावणाऱ्याच्या फोनाची जागा बाजूस सारून त्या वेळी बाहेरगावच्या गाड्या लागतात तेथल्या चढण्याच्या जागेस झुकते माप द्यावे, असा उपाय आम्ही योजला, आणि तो बराचसा लागू पडला.

आता या साऱ्यात सोय पाहावयाची ती कोणाची? कागदावर उत्तर सोपे होते: दोघांचा मिळून जो वेळ जाईल तो कमीत कमी व्हावा. प्रवासी साठ पावले चालला आणि त्यामुळे गाडीचा चार मिनिटांचा वळसा वाचला तर हिशेब नफ्यात. पण साठ पावले ही सर्वांची सारखी नसतात; गुडघ्याची, कडेवरच्या मुलाची, पावसाची, रात्रीची पावले निराळी मोजावी लागतात. रात्री दहानंतर स्त्री-प्रवासी आमची सुचविलेली जागा नाकारून टाचणी स्वतःच्या हाताने थोडी पुढे, उघड्या असलेल्या औषधाच्या दुकानासमोर किंवा एटीएमच्या उजेडात नेतात, हे दप्तरातून दिसत होते. गणिताच्या दृष्टीने ती जागा वाईट होती, वळणाशी आणि अडचणीची होती. तरुण सहकाऱ्यांना ही हलविलेली टाचणी म्हणजे अचूकतेवरचा डाग वाटे. माझे मत असे पडले की त्या दप्तरातली सर्वांत मौल्यवान नोंद तीच आहे आणि रात्रीपुरती जागा ती टाचणीच ठरवील. हे मान्य करून घेण्यास मला अनेक बैठका खर्ची घालाव्या लागल्या.

चालकांचे म्हणणे ऐकावे म्हणून मी मधूनमधून पुढच्या आसनावर बसून फिरत असे. असाच एकदा वसमतकडचा एक गृहस्थ भेटला. फोनात दाखविलेल्या जागेवरून तो सरळ पुढे निघून गेला आणि एका रसवंतीपाशी थांबला. मी कारण विचारले.

"सर, तुमचा ठिपका चांगलाय, पण तिथं टोइंगवाले उभे राहतेत. दोन मिनिटं थांबलं की दंड. दंड काय कंपनी भरती व्हय?"

"मग प्रवासी?"

"त्येला म्हणतो, दादा, रसवंतीपशी या, सावलीय. येतेत लोक. नीट सांगितलं की येतेत." मग माझ्या बोलण्याचा वळसा त्याच्या कानास लागला असावा. "तुम्ही कुठले?"

"जवळा बाजार."

"आँ! मग मी तुम्हाला काय सांगायलोय? तुमच्या फाट्यावर सारी दुनिया गाडीत बसती."

त्याने दाखविलेली रसवंती पुढील दुरुस्तीत आमच्या शिफारशीत आली. दंड कोठे होतो याची स्वतंत्र यादी कोणाकडे नव्हती, पण जी जागा चालक सातत्याने ओलांडून जातात तेथे काहीतरी आहे एवढे अनुमान यंत्रासही करता येते. काय आहे ते त्याला न कळले तरी चालते.

पत्त्यांची शिस्त लागली म्हणजे हे सारे प्रश्न सुटतील असे मानणारा एक पक्ष आमच्यात होता. श्रीराम भिकाजी वेलणकर या संस्कृत कवी असलेल्या मराठी अधिकाऱ्याने आखलेली सहा आकडी पिनकोडाची पद्धत 15 ऑगस्ट 1972 रोजी सुरू झाली आणि देशाचे टपाल मार्गी लागले. 2025 साली टपाल खात्याने डिजिपिन काढला, त्यात चार मीटर लांबी-रुंदीच्या प्रत्येक चौकोनास दहा अक्षरांची स्वतंत्र ओळख आहे. दोन्ही कामे थोर आहेत, आणि वेलणकरांसारखा रसिक मनुष्य आकड्यांच्या मागे लागला याचे मला फार कौतुक वाटते. पण पत्र दाराच्या फटीतून आत टाकिले की पोहोचते. त्याला कोणी समोरून चालत येऊन भेटावे लागत नाही. गाडीचे तसे नाही, आणि म्हणून चौकोन कितीही लहान केला तरी त्या चौकोनासमोर गाडी उभी करता येते की नाही हा प्रश्न शिल्लक उरतोच.

या कामातील खरी अडचण मला शेवटच्या काही वर्षांत कळली, आणि ती यश मिळू लागल्यानंतरची होती. आपण जागा सुचविली की बहुतेक लोक निमूटपणे तेथेच जाऊन उभे राहतात. उद्याच्या दप्तरात तेथे दाटी दिसते. यंत्र म्हणते, पाहा, माझी शिफारस बरोबर होती. माणसे तेथे चढतात म्हणून ती जागा चांगली, की ती जागा सांगितली म्हणून माणसे तेथे चढतात, हे दप्तरावरून ओळखता येईनासे होते. त्यावर उतारा म्हणून काही थोड्या फेऱ्या मुद्दाम शिफारशीविना सोडाव्यात, आणि शिफारशीची परीक्षा दाटीवरून न करता गाडी थांबल्यापासून ओटीपी भरेपर्यंत किती वेळ गेला व मध्ये फोन करावा लागला का यांवरून करावी, असा दंडक आम्ही घातला. तो व्यवस्थापनास आवडला नाही, कारण जाणूनबुजून काही प्रवाशांना कमी सोय देणे त्यांना खुपले. हा आक्षेप अगदीच पोकळ होता असे मी म्हणणार नाही.

याच सुमारास, सहज कुतूहल म्हणून, मी जवळा बाजारचा नकाशा उघडून पाहिला. आमच्या गावात अशी गाडी ॲपवरून मिळत नाही. परगावची गाडी तेवढी कधी लग्नाला, कधी नागनाथाच्या दर्शनाला येणाऱ्यांना घेऊन येते. त्यामुळे साऱ्या गावाच्या वाट्याला तुरळक ठिपके आले होते आणि त्यांतले बरेचसे पेट्रोल पंपाशी होते, जेथे परगावचा चालक चहापाण्याला थांबतो आणि परतीची मंडळी त्याला गाठतात. एवढ्या पुराव्यावर यंत्राने जवळा बाजारची माणसे पेट्रोल पंपावर गाडीत बसतात असा निर्णय देऊन टाकिला होता आणि तो पुरेशा आत्मविश्वासाने दिला होता. लिंबाखाली, समितीच्या फाटकाशी किंवा औंढ्याच्या तोंडाशी एकही ठिपका नव्हता, कारण तेथे चढणाऱ्यांपैकी कोणाचाही ओटीपी कधी कोणी विचारलेला नव्हता. मी असा प्रस्ताव दिला की चढण्याच्या नोंदी ठरावीक संख्येहून कमी असतील तेथे यंत्राने शिफारस करूच नये, प्रवाशाची टाचणी व चालकाचे तोंड यांवर सोडून द्यावे. तत्त्वतः तो सर्वांना मान्य झाला. ती संख्या किती असावी यावर मात्र, लहान गावांत धंदा लवकर पसरावा असे वाटणारा पक्ष ती खाली ओढीत होता आणि मी वर, आणि मी नोकरीतून बाहेर पडलो तोपर्यंत त्याचा निकाल लागलेला नव्हता.